अक्कांचं बियाणं

आमचे सासरे धनसिंग नाना खोटं बोलण्यात अगदीच कच्चे होते. बाजारात बैल विकायला नेला तर गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी बैलाची खोड सांगून मोकळे व्हायचे. अशा माणसानं जन्मात एकदाच सफाईनं खोटं बोलावं, आणि तेही शेजाऱ्यांची अब्रू झाकायला. गाव अजून म्हणतं, नानांच्या मनात वाईट नव्हतं. नव्हतंच. पण मला जो राग आला होता तो इतकी वर्षं झाली तरी गेलेला नाही.

आमचं गाव बोरी नदीच्या काठी, अमळनेरच्या बाजूला. नदीलगत काळी जमीन, तीही चार-दोन घरांची. बाकी सगळं शिवार चढाचं, मुरमाड. आम्ही त्याला बरड म्हणतो. बरडावर कपाशी बरी यायची आणि लोक तीच लावायचे. मग लढाई पेटली, ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा बंद झाला, मुंबईत धान्यासाठी रांगा लागल्या, आणि सरकारनं धोशा लावला: कपाशी कमी करा, धान्य पिकवा. ते खरं मनावर कोणी घेतलं असेल तर आमच्या नानांनी. बंगालमध्ये माणसं रस्त्यात पडून मरताहेत हे त्यांनी अमळनेरच्या बाजारात कुणी पेपर वाचत होतं तिथं उभं राहून ऐकलं, आणि घरी येऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून घरोघर जाऊन सांगत सुटले, यंदा ज्वारी पेरा. नाना सांगतात म्हटल्यावर बरडवाल्यांनीही कपाशी मोडून ज्वारी पेरली.

पेरायला बी दिलं आमच्या सासूबाईंनी. झुंबरबाई त्यांचं नाव, पण गाव त्यांना अक्का म्हणायचं, मीही अक्काच म्हणायचे. विहिरीजवळ आमचं काळ्या मातीचं एक वावर होतं. कापणीच्या आधी अक्का त्यात एकट्या शिरायच्या आणि ज्वारीचं एकेक उभं ताट बघत फिरायच्या. कणीस भरगच्च पाहिजे, दाणा टपोरा पाहिजे, आणि आजूबाजूच्या एकाही ताटाला काणी नको. काणी म्हणजे ज्वारीचा रोग. दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते. पसंत पडलेल्या ताटाला अक्का जुन्या लुगड्याची चिंधी बांधायच्या, आणि त्याला कुणी विळा लावायचा नाही. ती कणसं त्या स्वतः खुडायच्या, जुड्या बांधायच्या आणि चुलीवरच्या आढ्याला टांगायच्या. धुरानं कीड लागत नाही. हे त्यांच्या सासूनं केलं, तिच्याही सासूनं केलं होतं. निम्मं गाव पेरणीला त्यांच्याकडून बी न्यायचं आणि सुगीला तेवढंच धान्य आणून द्यायचं. त्यात उपकार नव्हते की व्यवहारही नव्हता. मी नवी नवरी असताना एकदा त्यातली चार कणसं लाह्या फोडायला घेतली होती, तर अक्कांनी माझ्या हातावर चापट मारली होती.

त्या साली पोळ्यानंतर पावसानं दडी मारली. मग ज्वारी फुलोऱ्यात असताना नको तेव्हा झड लागली. बरडावर आधी ताटं हातभर राहिली, आणि त्यावर काणी पडली. वना म्हणून एक होता, त्याचं सगळंच गेलं; पण सर्वांत वाईट भिकुबाईचं वावर. भिकुबाई म्हणजे नानांच्या चुलतभावाची विधवा, माझ्याच वयाची, कमल आणि सुनंदा या दोन पोरींना घेऊन एकटी राहायची. तिच्या वावरातून चाललं की लुगडं काळं व्हायचं. आमचं विहिरीचं वावर मात्र मोटेच्या पाण्यावर तरारून उभं होतं. घोड्यावरचा माणूस दिसला नसता एवढी उंच ज्वारी.

आणि त्याच सुमाराला कचेरीचे साहेब पीक बघायला आले.

साहेब तसे भले गृहस्थ होते, हे मी कबूल करते. देशावरचे, तरुण, उन्हानं तोंड सोलपटलेलं. सरकारला प्रत्येक गावाकडून सक्तीनं धान्य घ्यायचं होतं, आणि किती घ्यायचं ते पिकाच्या अंदाजावर ठरणार होतं. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. आमच्या शिवाराचं खरं पीक पाच आणेसुद्धा नव्हतं. साहेब चावडीपुढे गाववाल्यांना म्हणाले, "मला तुमचं शिवार दाखवा. जसं असेल तसं दाखवा."

आमचं घर चावडीसमोरच, अक्का दारातून ऐकत होत्या. नाना पागोटं घ्यायला आत आले तशा त्या हळूच म्हणाल्या, "वनानं बरडवरलं वावर दखाडा त्यासले. नही ते भिकीनं. तठे त्यासले खरं कळी."

नाना थबकले. "गावमा पाव्हना उना, नि त्याले मी काणी दखाडू? दुसराना घरनी लाज मी बाहेर काढू?"

आमच्याकडची ही रीत परक्याला कळायची नाही. स्वतःच्या वावराला माणूस खुशाल शिव्या देईल, पण दुसऱ्याच्या वावराला परक्यासमोर नावं ठेवणार नाही. ते म्हणजे त्याच्या चुलीवरचं झाकण काढून दाखवण्यासारखं. आणि पाहुणा आला की त्याला गावातलं सर्वांत चांगलं असेल ते दाखवायचं, मग तो पाहुणा सोयरा असो की सरकारचा. नाना साहेबांना थेट आमच्या विहिरीच्या वावरात घेऊन गेले. मागे सगळे बाप्ये. भाकरी-पाणी घेऊन मीही होते.

साहेबांनी दोरी लावून चौकोन पाडला, तेवढी ज्वारी कापायला लावली, तिथंच बडवून मोजली. चेहरा खुलला त्यांचा. म्हणाले, "नाना, अशी ज्वारी मी या तालुक्यात पाहिली नाही. बाकी शिवारही असंच आहे का?"

मी नानांकडे बघत होते. त्यांनी एकदा मागे उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं. पुढेच वना होता, ज्याचं सगळं वावर बरडावर. वनाची मान खाली. नानांना वाटलं असणार, हा आता सगळ्यांसमोर उघडा पडतो. ते खाकरले आणि म्हणाले, "बठ्ठं शिवार असंच शे, साहेब. थोडं डावं-उजवं."

आणि कोणी काही बोललं नाही! तेच मला अजून डाचतं. वना बोलला नाही, पोलीसपाटील बोलले नाहीत, माझे यजमान अभिमन बोलले नाहीत. नानांनी आपली अब्रू राखली म्हणून उलट सगळ्यांचे चेहरे उजळले. नानांना खोटं पाडायचं कुणी? आणि बायकांनी तर अशा ठिकाणी तोंड उघडायचंच नसतं, नाहीतर मी उघडलं असतं. साहेब बंगालच्या गोष्टी सांगत राहिले, नानांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि साहेब गुळाचा खडा तोंडात टाकून पुढच्या गावाला गेले.

पिकाचा अंदाज बारा आणे लागला.

हुकूम चावडीवर वाचला तेव्हा कापण्या उरकल्या होत्या. गावाच्या खळ्यांवर मिळून जेवढी ज्वारी पडली होती तेवढी जवळजवळ सगळीच सरकारला घालायची होती. बरडवाल्यांच्या वाट्याला तर त्यांच्याकडे होतं त्याहून जास्त आलं. बाया ऊर बडवायला लागल्या. वना आमच्या ओट्यावर येऊन बसला. नानांना दोष देईल असं मला वाटलं होतं, पण म्हणाला, "नाना, तुम्ही बोलनात तवय आम्ही बी तठेच उभा व्हतूत. आमनं तोंड काय शिवेल व्हतं?"

नाना रात्रभर झोपले नाहीत. सकाळी उठून एकटेच तालुक्याला गेले. तिथं काय झालं ते त्यांनी परत आल्यावर ओट्यावर बसून, काही न लपवता सांगितलं. ते साहेबांना म्हणाले होते, मी खोटं बोललो, शिक्षा मला करा, गावाचा आकडा कमी करा. साहेब चिडले नाहीत. म्हणाले, "नाना, आता शेतं कापून झाली. मी येऊन काय बघू, धसकटं? तुमच्या गावाचा आकडा वर गेला, त्यावर कुणाचं तरी रेशन बांधलं गेलं. तुमचं कमी करायचं तर तेवढं दुसऱ्या गावावर टाकावं लागेल. कुठल्या गावावर टाकू, तेवढं सांगा."

"मंग? तुम्ही काय सांगं?" अक्कांनी विचारलं.

नाना म्हणाले, "कोनतं गाव सांगू?"

ते तसेच उठून आले होते. दुसऱ्या गावाचं नाव घेणं त्यांच्या जिभेला जमलं नाही. आता सांगा, अशा माणसावर रागवायचं कसं, आणि न रागवता राहायचं तरी कसं?

मग त्यांनी घर उपसायला काढलं. कणग्या रिकाम्या केल्या. आमचा वाटा घालून झाला तरी थांबले नाहीत; बरडवाल्यांचं जेवढं कमी पडत होतं तेवढं आमच्या घरातून घालायला लागले. पोतीच्या पोती चावडीकडे चालली. शेवटी आढ्याकडे बघून म्हणाले, "कणसं बी काढ."

अक्का चुलीपुढून उठल्या. "ते बी शे. पुढला साले काय पेरशात?"

"सरकार देनार शे बी."

"सरकारले काय माहीत आपली माती?"

"खोटं मी बोलनू," नाना म्हणाले, "ते भरी बी मीच देसू." त्यांनी स्वतः शिडी लावली. अभिमननं खालून जुड्या झेलल्या. अक्कांनी कणसं बडवली, पाखडली, आणि ते बियाणं, जे भाकरीसाठी कधी जात्यात पडलं नव्हतं, पोत्यात भरलं. त्यांचे हात एकदाही थांबले नाहीत हे बघून मला नवल वाटलं होतं.

कारण मला नंतर कळलं. एक जुडी त्यांनी आधीच काढली होती. वावरातली सर्वांत निवडक कणसं, एका वावराच्या पेरणीपुरती. ती लुगड्याच्या धडप्यात बांधून त्या भिकुबाईकडे घेऊन गेल्या होत्या. भिकुबाईची ज्वारी तर खळ्यावरूनच गेली होती. घरात मूठभर कोंडा.

"भिके, हाई गाठोडं आढ्याले टांग. कोनले सांगू नको. बी शे हाई."

"मन्हा घर कसाले, अक्का?"

"तुन्हा घर कोन दखाले येई? तुन्हा घर काय शे?"

अक्कांचं चुकलं काही नव्हतं. लपवलेल्या धान्याची झडती घ्यायला आलेली सरकारची माणसंही भिकुबाईच्या दारावरून पुढे गेली.

मग जे दिवस आले ते सांगत बसत नाही. आम्ही धान्य पिकवणारे म्हणून आम्हाला रेशनचं कार्ड नाही, आणि घरात धान्य नाही. अंबाडीचा पाला, उंबराची फळं, सरकीची पेंड, जे मिळेल ते शिजवलं. अक्का सुरुवातीला रोज भिकुबाईकडे ताटली पाठवायच्या. मग एक दिवसाआड. चैत्रात आमच्याच घरात सांजेची चूल पेटेनाशी झाली तेव्हा ताटली बंद झाली. भिकुबाई मानी बाई. ती मागायला आली नाही, आणि ती येत नाही म्हणून आम्हालाही बरंच वाटलं. हे असंच होतं, मी गोड करून सांगणार नाही.

वैशाखात तिची मोठी पोरगी, कमल, गेली. सात-आठ वर्षांची असेल. ताप आला, दोन दिवसांत गेली असं भिकुबाईनं सांगितलं. अंगावर मांस म्हणून नव्हतं, पण त्या वेळी गावात कुणाच्याच पोरांच्या अंगावर नव्हतं. अक्का आणि मी गेलो. भिकुबाई रडली नाही. पोरीचं डोकं मांडीवर घेऊन नुसती वर आढ्याकडे बघत बसली होती. अक्कांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, धाकट्या सुनंदाला दोन घोट पाणी पाजलं, आणि आम्ही घरी आलो.

पेरणीचे दिवस आले. सरकारी बियाण्याची पोती चावडीवर येऊन पडली. अक्कांनी मूठभर आणून ओल्या गोणपाटात बांधून ठेवलं. तिसऱ्या दिवशी उघडलं तर निम्म्याहून जास्त दाणे तसेच, त्यांना बुरशी. कुठल्या कोठारातली, कुठल्या मातीतली ज्वारी होती कोण जाणे. मी घाबरले. अक्का मात्र हसल्या. इतक्या महिन्यांत त्या पहिल्यांदा हसल्या होत्या. मला म्हणाल्या, "चाल मन्हासंगे," आणि वाटेत त्यांनी मला गाठोड्याची गोष्ट सांगितली. म्हणाल्या, विहिरीचं वावर आपल्या बियाण्यानं पेरू. पुढच्या वर्षी निम्म्या गावाला पुरेल. त्याच्या पुढच्या वर्षी सगळ्यांना. जरा भरभर चालत होत्या. नाना आणि अभिमन तिफण जुंपून वावरात थांबले होते.

भिकुबाई दारात बसली होती. सुनंदा तिच्याजवळ मातीत खेळत होती. पोर बरी दिसत होती. अक्कांना बघून भिकुबाई उठली नाही.

"गाठोडं काढ, भिके. वापसा व्हयी गया, पेरनी करनी शे."

"नही शे, अक्का."

अक्कांना आधी कळलंच नाही. त्या आत गेल्या. आढ्याला रिकामं धडपं लोंबत होतं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, या आता भिकुबाईला मारतात.

"काय करं तू? इकं?"

"दळं," भिकुबाई म्हणाली. "सुनंदाले चारं. थोडी थोडी पेज करीसन चारं, म्हनीसन पुरनी."

अक्का तिच्यासमोर उभ्या होत्या, मुठी वळलेल्या. मी मधे पडायला पुढे झाले. तेवढ्यात त्यांनी सुनंदाकडे पाहिलं. पोरीनं त्यांचा पदर धरला होता. अक्कांच्या मुठी सुटल्या आणि त्या मटकन खाली बसल्या. "जाऊ दे," म्हणाल्या. "पोर जगनी ना. जाऊ दे." मग त्यांना काहीतरी सुचलं. त्यांनी हळूच विचारलं, "कवय सोडं तू गाठोडं?"

"कमल गयी, त्याना दुसरा दिन."

"दुसरा दिन? मंग कमलले ताप..."

"ताप नही व्हता, अक्का. ती भुकी मरनी."

 नाल्यापलीकडे कुणीतरी बैल हाकत होतं.

"नि गाठोडं?" अक्का म्हणाल्या. "तवय गाठोडं तठेच व्हतं?"

"वरच व्हतं. ती दखे त्यानाकडे. माय, त्यामा काय शे, म्हने." भिकुबाई शांतपणे सांगत होती, जणू दुसऱ्याच कुणाचं. "तुम्ही सांगेल व्हतं ना, बी शे. मी हात लावा नही."

अक्का ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. मला वाटतं, त्यांना तेव्हा भिकुबाईच्या पाया पडायचं होतं, कारण त्या पुढे वाकल्या. पण वाकल्या ते वाकूनच राहिल्या. मी त्यांना काखेत हात घालून उठवलं आणि घरी नेलं. नानांना मी सांगितलं. ते तिफणीवरचा हात काढायचाही विसरले.  मग पेरणीची ओल, वापसा, निघून जाईल म्हणून अभिमननंच बैल हाकले, आणि बी सोडायला चाड्यावर मूठ धरून मी उभी राहिले.

विहिरीचं वावर आम्ही सरकारी बियाण्यानं पेरलं. उगवलं तुरळक. कणसं आली ती विरळ, सुतळीसारखी, तरी त्यातही शोधलं असतं तर पाच-पन्नास बरी कणसं सापडली असती. कापणी आली तशी मी अक्कांना म्हटलं, चला, ताटं निवडायची आहेत, मला एकटीला जमायचं नाही. त्या नाही म्हणाल्या. मी हट्टच धरला. गावातल्या बायाही येऊन विनवून गेल्या, की अक्का, तुम्ही निवडलं नाही तर पुढे आम्ही पेरायचं काय.

शेवटी आल्या एकदाच्या. मी हातात चिंध्या घेऊन मागे. त्या ताटांमधून सावकाश चालत गेल्या, आणि एका ठिकाणी थांबल्या. बरं भरलेलं कणीस होतं, काणी नव्हती. मी चिंधी पुढे केली. अक्कांनी ती घेतली नाही. कणीस ओरबाडून तोडलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारली, आणि अर्धे दाणे स्वतःच्या तोंडात टाकून उरलेले माझ्या हातावर ओतले.

"खाई ले," म्हणाल्या. "ठेवू नको."